न भेटलेल्यांचा लळा

१६ नोव्हेंबर २०१३, शनिवार. वानखेडेवरची वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी तिसऱ्याच दिवशी आटोपली आणि सचिन तेंडुलकरने माइक हातात घेतला. कोणाचं नाव राहून जाऊ नये म्हणून त्याने यादी लिहून आणली होती. सुरुवात वडिलांपासून केली. मग तो एकटाच खेळपट्टीपाशी गेला, वाकून तिला हात लावला आणि डोळे पुसत परतला. मैदानात रडारड झाली ती समजण्यासारखी होती. पण राज्याच्या दुसऱ्या टोकाला, विदर्भातल्या आमच्या वणीतही, खाणीतली पाळी करून आलेली आणि वानखेडेच्या आसपासही कधी न फिरकलेली माणसं टीव्हीसमोर नाक ओढत बसली होती. सख्खा काका निवृत्त झाला तेव्हा यांतल्या कित्येकांनी शाल-नारळापलीकडे काही केलं नसेल.

सचिनला यांतल्या एकाचंही नाव माहीत नव्हतं. यांना मात्र त्याचं सगळं ठाऊक होतं. वडील प्राध्यापक आणि कवी, भाऊ अजितने आचरेकर सरांकडे नेलं, १९९९ च्या विश्वचषकात वडील वारले तेव्हा तो घरी येऊन परत गेला आणि केनियाविरुद्ध नाबाद १४० धावा काढल्या. एका बाजूने सगळं उघडं, दुसऱ्या बाजूने काहीच नाही. असं नातं जडतं कसं, याचा शोध मानसशास्त्र गेली सत्तर वर्षं घेत आहे. त्यात सर्वांत जास्त हाताशी धरला जाणारा सिद्धांत मुळात तान्ह्या बाळांबद्दलचा आहे. तो इथे कुठवर लागू पडतो आणि कुठे तोकडा पडतो, हे पाहण्यासारखं आहे.

आधी या नात्याचं बारसं कधी झालं ते सांगतो. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी 'सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकात एक लेख लिहिला आणि अशा एकतर्फी ओळखीला 'पॅरासोशल' हे नाव दिलं. टीव्ही तेव्हा नवा होता. कार्यक्रमाचा निवेदक कॅमेऱ्यात बघून असा बोलतो, की घरातल्या माणसाला वाटावं, हा माझ्याशीच बोलतोय. रोज ठरल्या वेळी येतो, कधी चिडत नाही, काही मागत नाही. त्यांनी दिलेलं एक उदाहरण रेडिओचं आहे. 'लोनसम गॅल' नावाच्या कार्यक्रमात एक एकटी बाई रात्री श्रोत्याशी लाडिक गप्पा मारायची, बस्स, एवढंच. तिला लग्नाची मागणी घालणारी हजारो पत्रं आली. आयुष्यभर जिला शोधत होतो ती तूच, असं ती माणसं अदबीने लिहून कळवत.

आपल्याकडे हे प्रकरण इतकं चोरटं नसतं. ते चारचौघांत, नात्याचं नाव घेऊन चालतं. २००४ साली झी मराठीवर 'होम मिनिस्टर' सुरू झाला आणि पैठणी घेऊन घरोघर फिरणाऱ्या आदेश बांदेकरांना महाराष्ट्रातल्या बायकांनी भावोजी करून टाकलं. परका पुरुष रोज संध्याकाळी घरात यायचा, सासू-सुनांना खेळ खेळायला लावायचा, लग्न कसं जमलं ते विचारायचा आणि घरातल्या कर्त्या पुरुषालाही त्यात वावगं वाटत नसे, कारण तो भावोजी होता. अशोक सराफ मामा झाले, लताबाई दीदी, आशाबाई ताई. निळू फुल्यांचं तर उलटंच झालं. राष्ट्र सेवा दलात वाढलेला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात रमलेला हा मऊ स्वभावाचा माणूस. पण पडद्यावरच्या पाटला-सरपंचामुळे गावोगावच्या बायका त्यांना पाहिलं की पदर सावरत, शिव्याही घालत. म्हणजे न भेटलेल्या माणसाशी वैरही धरता येतं, आणि तेही तितक्याच मनापासून.

आता तो बाळांचा सिद्धांत. जॉन बोल्बी हे लंडनचे मनोविकारतज्ज्ञ, जन्म १९०७. बड्या घरातला मुलगा, वाढला दायांच्या हाती. ज्या दाईचा त्याला लळा होता ती तो चार वर्षांचा असताना नोकरी सोडून गेली, आणि ती जखम आई गेल्यासारखी होती असं ते पुढे सांगत. त्या काळी पंडितांचं मत असं, की मूल आईला बिलगतं ते दुधासाठी. पोट भरलं की झालं. लाड केले तर पोर बिघडतं, असा वर उपदेश. बोल्बींना ते पटत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना बेघर, आईवेगळ्या मुलांचा अभ्यास करायला सांगितलं. १९५१ साली त्यांचा अहवाल आला. पुढच्याच वर्षी त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी दोन वर्षांच्या एका मुलीचे दवाखान्यातले आठ दिवस चित्रित केले. ब्रिटनमधल्या दवाखान्यांत तेव्हा आईबापांना भेटीची अगदी मोजकी वेळ मिळे. आई आली की मुलगी तोंड फिरवते, गेली की हुंदका गिळते. हे पडद्यावर पाहून तिथल्या डॉक्टरांना धक्का बसला. आपल्या सरकारी दवाखान्यात पोराच्या खाटेखाली आईची वळकटी असतेच, त्यामुळे ही गोष्ट सिद्ध करायला सिनेमा काढावा लागला याचंच आपल्याला आश्चर्य वाटेल.

१९५८ साली अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी माकडाच्या पिलांपुढे दोन खोट्या आया ठेवल्या. एक तारेची, तिला दुधाची बाटली लावलेली. दुसरी कापडाची, मऊ, पण कोरडी. पिलं दूध पिण्यापुरती तारेच्या आईकडे जात आणि बाकी सारा वेळ कापडाच्या आईला चिकटून राहत. भीती वाटली की धाव तिच्याकडेच. प्रयोग क्रूर होता, पण दुधाचा मुद्दा निकाली निघाला. या लेखापुरतं त्यातलं आणखी एक लक्षात ठेवण्याजोगं: कापडाची आई पिलाला काहीही उत्तर देत नव्हती. तरी लळा लागला.

लळा लागला आहे हे ओळखायचं कसं, याच्या चार खुणा बोल्बी आणि त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांच्या लिखाणातून पुढे आल्या. त्या माणसाच्या जवळ राहावंसं वाटतं. घाबरलं, दुखलं की त्याच्याचकडे धाव घेतली जाते. तो पाठीशी आहे या भरवशावर मूल दूर जाऊन जग धुंडाळतं. आणि तो दुरावला की जीव कासावीस होतो. एन्सवर्थनी १९५४-५५ मध्ये युगांडातल्या खेड्यांत घरोघर बसून आया-बाळं पाहिली आणि मग बाल्टिमोरमध्ये आपला गाजलेला प्रयोग रचला. वर्ष-सव्वा वर्षाचं मूल आईबरोबर अनोळखी खोलीत येतं, एक परकी बाई येते, आई बाहेर जाते, परत येते. वीसेक मिनिटांचा खेळ. आई गेल्यावर मूल किती रडतं यापेक्षा ती परतल्यावर ते काय करतं, हे एन्सवर्थना महत्त्वाचं वाटलं. बहुतेक मुलं बिलगतात, शांत होतात, पुन्हा खेळायला लागतात; त्यांना निर्धास्त म्हणू. काही बिलगतातही आणि ढकलतातही, उगी होतच नाहीत; ती धास्तावलेली. काही आई आली काय नि गेली काय अशी खेळण्यात मान घालून बसतात. ती अलिप्त, निदान वरवर तरी.

१९८७ साली सिंडी हझन आणि फिलिप शेव्हर यांनी डेन्व्हरच्या एका वर्तमानपत्रात प्रश्नावली छापून मोठ्या माणसांच्या प्रेमातही हेच तीन स्वभाव दिसतात असं दाखवलं. बाळाचा सिद्धांत मोठ्यांचा झाला, आणि तिथून नटनट्यांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

चारही खुणा चाहत्यांना लावून पाहू. जवळ राहण्याची ओढ तर उघडच आहे: खोलीतलं पोस्टर, मोबाइलच्या पडद्यावरचा फोटो, रविवारी जुहूला अमिताभ बच्चन यांच्या 'जलसा' बंगल्यासमोर उभी राहणारी गर्दी. धाव घेण्याची जागा म्हणूनही तारा चालतो. घरात वाजलं, निकाल वाईट लागला, की कानात ठराविक आवाज लावून पडणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहेत.

विरहाची खूण महाराष्ट्राने १९८२ साली पाहिली. २६ जुलैला बंगळुरूत 'कुली'च्या चित्रीकरणात अमिताभला पोटात मार लागला. मग मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तो मरणाच्या दारात जाऊन परतला. देशभर नवस बोलले गेले, देवळांत अभिषेक झाले, मशिदींत दुआ. मूळ कथेत नायक शेवटी मरणार होता. मनमोहन देसाईंनी शेवट बदलला आणि त्याला जगवला. ज्या ठोशाने इजा झाली तिथे चित्र क्षणभर गोठवून पडद्यावर तसं लिहिलंही. बोल्बींचं पुस्तक देसाईंनी वाचलं असण्याची शक्यता कमीच, पण ज्यांनी महिनाभर जीव मुठीत धरला त्यांना तिकीट काढून त्याच माणसाचं मरण दाखवू नये, एवढं त्यांना कळत होतं.

विरहाचा दुसरा मासला लक्ष्याचा. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेले. पण १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी' अजून कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर लागतो आणि ते गेले तेव्हा जन्मलेलीही नव्हती अशी पोरं त्यांना लक्ष्याच म्हणतात. घरच्या माणसाचा मृत्यू अंगवळणी पडतो, कारण त्याची जागा रिकामी दिसते. इथे जागा रिकामी होतच नाही. त्यामुळे दुःख हलकं होतं आणि लांबतंही.

उरली ती तिसरी खूण, पाठीशी असण्याची. मला हीच सर्वांत लंगडी वाटते. आई पाठीशी आहे म्हणून मूल दूर जातं, कारण पडलं तर ती उचलेल हे त्याने अनुभवलेलं असतं. बोल्बींच्या मते लळ्याचं सगळं यंत्र या देवाणघेवाणीवर चालतं: मूल हाक मारतं, आई ओ देते, त्यातून भरवसा साठतो. तारा ओ देत नाही. तो बळ देऊ शकतो. सचिनकडे बघून हातात बॅट घेणारी पोरं वणीच्या मैदानांवरही होती. पण पोरगं पडलं तेव्हा उचलायला त्याचा प्रशिक्षक नाहीतर बापच होता.

आता संशोधनाकडे. इथे एक गंमत आहे आणि ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. एकतर्फी नात्यात कोण जास्त अडकत असेल? आपण अंदाज बांधू. जो जवळिकीला बिचकतो, त्या अलिप्त माणसाला हे नातं फारच सोयीचं असायला हवं. नकार नाही, अपेक्षा नाहीत, भांडण नाही, कंटाळा आला की टीव्ही बंद. १९९९ साली टिम कोल आणि लॉरा लीट्स यांनी तपासून पाहिलं तेव्हा निकाल नेमका उलटा लागला. टीव्हीवरच्या आवडत्या व्यक्तीशी सर्वांत घट्ट नातं धास्तावलेल्यांचं, सर्वांत सैल अलिप्तांचं, निर्धास्त मंडळी मध्ये. म्हणजे जो घरच्यांपासून अंग चोरतो तो पडद्यावरच्यांपासूनही चोरतो. आणि 'मी हिला आवडतो ना, ही मला सोडणार तर नाही ना' या घोरात असलेला माणूस पडद्याकडे ओढला जातो, कारण पडद्यावरचं माणूस ठरल्या वेळी येतं. खऱ्या प्रेयसीने फोन उचलला नाही तर जीव जातो; मालिका रात्री साडेआठला लागतेच.

इस्रायलच्या जोनाथन कोहेन यांनी २००४ साली प्रेक्षकांना विचारलं, तुमचं आवडतं पात्र उद्यापासून दिसणार नाही असं झालं तर? सर्वांत जास्त त्रास होईल असं म्हणणारे पुन्हा धास्तावलेलेच. मनाला समोरचं माणूस हाडामांसाचं की पडद्यावरचं हा फरक वाटतो तितका मोठा नाही, आणि जो स्वभाव घेऊन आपण बायको-नवऱ्याकडे जातो तोच घेऊन टीव्हीसमोर बसतो, असा या दोन्हींचा अर्थ लागतो.

पण इथेच एक घाई होते आणि ती वर्तमानपत्री मानसशास्त्रात सर्रास दिसते. 'ज्यांना लहानपणी प्रेम मिळालं नाही ते नटांच्या मागे लागतात', 'एकटी माणसं मालिकांत जीव रमवतात', वगैरे. १९८५ साली रुबिन, पर्स आणि पॉवेल यांनी हीच शंका तपासली. एकटेपणा जास्त असलेल्यांचं टीव्हीवरच्या बातमीदारांशी नातंही जास्त घट्ट असेल, असं त्यांना वाटलं होतं. तसा संबंध सापडला नाही. धास्तावलेपणाचा संबंध सापडतो हे खरं, पण तो माफक आहे, बहुतेक वेळा प्रश्नावल्यांतून आणि पाश्चात्त्य महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांकडून आलेला आहे, आणि त्यातून कारण कोणतं व परिणाम कोणता हे ठरत नाही. होम मिनिस्टर बघणाऱ्या सगळ्या मावश्यांचं बालपण करपलेलं होतं असं म्हणणाऱ्याला त्या मावश्याच बघून घेतील.

वयात येणाऱ्या मुलांची गोष्ट थोडी वेगळी. डेव्हिड जाइल्स आणि जॉन माल्टबी यांनी २००४ साली इंग्लंडमधल्या ११ ते १६ वर्षांच्या शाळकरी मुलांकडे पाहिलं. जी मुलं मनाने आईबापांपासून मोकळी होत होती त्यांना ताऱ्यांमध्ये जास्त रस होता, आणि ज्यांच्या जवळच्या नात्यांत ऊब व भरवसा कमी होता त्यांचा रस अधिक तीव्र होता. यातला पहिला भाग बहुतेकांच्या वाट्याला येतो. आईचा पदर सुटलेला असतो, जोडीदार अजून आलेला नसतो, मधली काही वर्षं जीव कुठेतरी टांगायचा असतो. मग तो एखाद्या नटावर टांगला तर त्यात धोका कमीच, तो काही घरी येऊन हात मागत नाही.

हृषीकेश मुखर्जींनी १९७१ च्या 'गुड्डी'त हेच वय दाखवलं. शाळकरी गुड्डी धर्मेंद्रवर जीव टाकून बसली आहे; तिच्यावर प्रेम करणाऱ्या तरुणाचे मामा, उत्पल दत्त यांनी रंगवलेले प्राध्यापक, तिला ना रागावतात ना सिनेमा बंद करतात. ते तिला थेट स्टुडिओत नेतात. तिथे तिला दिसतो घामाघूम झालेला, इतरांसारखाच खपणारा माणूस आणि मारामारीत मार खाणारे अनामिक बदली कलाकार. गुड्डीचं वेड उतरतं, धर्मेंद्रबद्दलचा आदर उरतो. अर्धशतक झालं, आईबापांसाठी यापेक्षा शहाणा सल्ला मी पाहिलेला नाही. फरक इतकाच की मुंबईचा स्टुडिओ वणीच्या पोरीच्या आवाक्यात नाही.

सिद्धांत जिथे तोकडा पडतो त्या जागेकडे आता यायला हवं. एन्सवर्थचा प्रयोग एक आई, एक मूल, एक बंद खोली यांचा आहे. १९८८ साली आठ देशांतले जवळपास दोन हजार असे प्रयोग एकत्र मांडून पाहिले गेले. दोन देशांमधल्या फरकापेक्षा एकाच देशातल्या दोन गटांमधला फरक मोठा निघाला. त्या आठांत भारत नव्हता. आपल्याकडचं मूल आजीच्या मांडीवर झोपतं, काकूच्या हातचं जेवतं, आत्याच्या कडेवरून यात्रा बघतं. त्याचा लळा आधीपासूनच चार ठिकाणी वाटलेला असतो. आणखी एकाला, अगदी भिंतीवरच्या माणसाला, त्यात जागा करून देणं त्याला जड जात नाही.

भिंतीचा विषय निघालाच आहे तर आमच्या भागातली भिंत पाहा. कुठे शेगावचे गजानन महाराज, कुठे तुकडोजी महाराज, कुठे बाबासाहेब, कुठे कॅलेंडरवरची नटी. न भेटलेल्या माणसाशी बोलायची शिकवण आपल्याला पडद्याने दिलेली नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ली कर्कपॅट्रिक यांनी नव्वदच्या दशकात मांडलं, की भक्ताचं देवाशी नातं हाही लळाच असतो. कधी माणसांकडून जे मिळालं त्याचाच तो विस्तार असतो, कधी जे मिळालं नाही त्याची भरपाई. आपल्याकडे जनाबाई आहे. परंपरा सांगते की गंगाखेडची ही पोर लहानपणीच दामाशेटींच्या घरी आली, आईबापांविना वाढली, आणि तिचा विठ्ठल तिच्यासोबत दळण दळतो, शेण्या वेचतो, तिची वेणीफणी करतो. भरपाईचं इतकं लख्ख उदाहरण कर्कपॅट्रिकला शोधून सापडलं नसतं.

पण या टोपलीत काहीही कोंबू नये. बाबासाहेबांना बाप म्हणणाऱ्या माणसाला 'तुमचं हे पॅरासोशल नातं' असं ऐकवणं हा अडाणीपणा होईल. त्यांनी त्याला पाहिलं नसेल, पण त्याच्या आजोबाला पाणी, आईला शाळा आणि त्याला नोकरीची वाट त्यांच्यामुळे मिळाली. तिथे ओ दिलेली आहे, आणि ती घरात पोचलेली आहे. टिळकांचंही काहीसं तसंच. वणीत टिळकांच्या नावाचं महाविद्यालय आहे, चौक आहे. गावातल्या बहुतेकांनी त्यांना जाणलं ते छापील शब्दांतून. आणि याच वणीत २९ ऑगस्ट १८८० ला जन्मलेले लोकनायक बापूजी अणे मात्र त्यांच्यासोबत वावरले, वाद घातले, काम केलं. अण्यांनी टिळकांवर संस्कृतात महाकाव्य लिहिलं, त्याला १९७३ साली मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. भक्ती दोन्हींकडे होती. अण्यांच्या भक्तीला माणसाची सवय होती, एवढा फरक.

ही सवय नसली की काय होतं, याचा मराठी दाखला बालगंधर्वांचा आहे. नारायण श्रीपाद राजहंस स्त्रीवेषात रंगमंचावर आले की घरंदाज बायका त्यांच्या लुगड्याची, नथीची, गजऱ्याची धाटणी उचलत. ते प्रेक्षकांना मायबाप म्हणत आणि प्रेक्षक ते खरं धरून चालत. १९३८ च्या सुमारास गायिका गोहरबाई कर्नाटकी नाटक मंडळीत आल्या, गंधर्वांच्या आयुष्यातही आल्या, आणि चाहत्यांमध्ये मोठी खळबळ माजली. जे गंधर्वांशी कधी दोन शब्दही बोलले नव्हते ते घरातला मुलगा बिघडल्यासारखे दुखावले. नवल असं की राग गंधर्वांवर फारसा निघाला नाही, तो वर्षानुवर्षं गोहरबाईंवर निघाला. आजही नटाचा घटस्फोट झाला की मोबाइलवर हाच खेळ चालतो. शिव्या कोणाला पडतात ते पाहा. बहुधा बाईलाच पडतात. लळ्याचा सिद्धांत दुखावलेपण समजावतो. बाईलाच का, हे तो सांगत नाही. त्यासाठी आपल्या समाजाकडेच बघावं लागेल.

मोबाइलने एक नवी गोष्ट केली आहे. हॉर्टन आणि वोल यांच्या काळात तारा अजिबात उत्तर देत नव्हता. आता तो अर्धवट देतो. रीलवाला 'कसे आहात मंडळी' म्हणतो, लाखात एखाद्या प्रतिक्रियेवर बदाम टाकतो, थेट प्रक्षेपणात पैसे पाठवणाऱ्याचं नाव घेतो. धास्तावलेलं बाळ आठवा: सिद्धांत म्हणतो, त्याची आई कधी ओ देते, कधी देत नाही, म्हणूनच ते तिला सोडत नाही. अधूनमधून मिळणारं उत्तर सवय घट्ट करतं, आणि ही अर्धी ओ आता बाजारात वजन करून विकली जाते. नटाचं पोस्टर पैसे मागत नव्हतं. मला चिंता वाटते ती याची. सचिनसाठी रडणाऱ्यांची कधी वाटली नव्हती.

मग घाबरायचं कधी? मॅककचन, लँग, हौरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ च्या सुमारास चाहतेपणाच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिलीवर माणूस मित्रांशी गप्पा मारायला विषय म्हणून ताऱ्याकडे बघतो. बहुसंख्य लोक इथेच असतात. दुसरीवर तो मनात सतत घोळू लागतो. तिसरीवर ताऱ्यासाठी कायदा मोडायला, स्वतःला इजा करायला माणूस तयार होतो. तिसरी पायरी आजाराच्या उंबरठ्यावरची मानली जाते आणि तिथे मदत घ्यावी. ताऱ्याच्या मृत्यूनंतरचे दिवसही जपण्याचे. १९६२ च्या ऑगस्टमध्ये हॉलीवूडची नटी मेरिलिन मन्रो गेली तेव्हा त्या महिन्यात अमेरिकेतल्या आत्महत्या सुमारे १२ टक्क्यांनी वाढल्या, असं डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ साली दाखवलं. १४ जून २०२० नंतर नट सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूच्या बातम्या वाहिन्यांनी ज्या तऱ्हेने दळल्या, त्या वेळी हा आकडा कोणी समोर ठेवलेला दिसला नाही.

तुमच्या घरातली मुलगी कुणा रीलवाल्याच्या नावाने रडत असेल, तर तिला हसू नका आणि फोनही हिसकावू नका. तो कोण, त्यात तिला काय आवडतं, ते आधी तिच्याकडून ऐकून घ्या. तिने जेवण टाकलं असेल, शाळा टाकली असेल, 'तो नाही तर मी नाही' असं काही ती बोलली असेल, तर वेळ घालवू नका. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही सेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही उचलला जातो आणि पलीकडचं माणूस मराठीत बोलतं.